तळ्यापर्यंत दोनशे बारा पावलं

२ मार्च

दादा,

मोठ्या भावाला वाकून नमस्कार करायचा असतो, पण सध्या वाकायची सोय नाही. तेव्हा पडल्या पडल्या केलेला गोड मानून घे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणणार. फोनवर तू फक्त 'हं', 'बरं' आणि 'ठेवू का?' एवढंच बोलतोस. मागच्या वेळी तर 'हं' म्हणायच्या आधीच 'ठेवू का' म्हणालास. पत्रात निदान कागद भरावा लागेल, आणि कागदाला तुझ्याकडे तोटा नाही.

खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवली, हजारो पोरांना एका पायावर उभं केलं, आणि स्वतः दिवा बदलायला स्टुलावर चढले तर दोन्ही पायांवर उभं राहता आलं नाही. पण आता मी अगदी ठणठणीत आहे. चिरंजीवांच्या घरी तिसऱ्या मजल्यावर मुक्काम आहे आणि वॉकर घेऊन घरभर फिरते. काळजी करू नकोस.

एकच दुःख आहे. माझ्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. भिंतीवर एक पाइप आहे. पाइपावर रोज एक कबुतर येतं, माझ्याकडे नापसंतीने बघतं आणि जातं. हा माझा वसंत ऋतू.

तेव्हा तुझ्याकडचा पाठव. अंगणात माझी तुती आहे, मी दहा वर्षांची असताना नुसती काठी खोचली होती आणि तू म्हणाला होतास की काठीला कधी पानं फुटत नाहीत. तिचं काय चाललंय ते लिही. कोण पाखरं येतात, कुठे काय फुललंय, सगळं लिही. त्यासाठी घराबाहेर पडून बघावं लागतं, एवढं तुला सांगून ठेवते.

तुझी,
शिट्टी


९ मार्च

शिट्टी,

पत्र मिळालं. तू हिंडतेफिरतेस हे वाचून बरं वाटलं. माझं ठीक आहे. बाइंडिंगची कामं येत असतात. सध्या शाळेच्या वाचनालयाची जुनी पुस्तकं शिवायला आली आहेत.

तू विचारलेली माहिती अशी. अंगणातील तुतीच्या फांद्यांवर आता कोवळी पालवी डोकावू लागली आहे. मधमाश्या फुलाफुलांवर गुंजारव करीत आहेत. चिमण्यांची जोडपी घरट्यासाठी काडी काडी जमवीत असता पिवळी पडलेली पाने गळून वाटा झाकून गेल्या आहेत. पाखरांचे थवे उबदार देशांकडे निघाले आहेत. खार हिवाळ्याची बेगमी करू लागली आहे. सुज्ञ मनुष्यानेही आता लोकरी कपडे बाहेर काढावेत.

बाकी विशेष नाही.

दादा


१४ मार्च

दादा,

लोकरी कपडे बाहेर काढले. आता पुढे काय करू?

अरे, मी इतकी हसले की सून धावत आली. तिला वाटलं, परत पडले. तुझ्या वाक्याचा अर्धा भाग मार्चात आणि उरलेला अर्धा ऑक्टोबरात. मधे काय झालं ते तुझ्या बहिणीला कळत नाही असं वाटलं का तुला? मीही त्याच दुकानात वाढले आहे. बाबांच्या हाताखाली सोळा सोळा पानांचे फर्मे घडी करून लावताना पानांचे आकडे ओरडून सांगायचं काम माझं होतं, आणि शिट्टी हे नाव तिथेच पडलं.

तू समोर शिवायला आलेलं कुठलं तरी निसर्गाचं पुस्तक उघडलंस आणि न वाचता उतरवून काढलंस. तू पुस्तकं शिवतोस, वाचत नाहीस, हे जगजाहीर आहे. पण दादा, पुस्तकात मार्चाला ऑक्टोबर चिकटलाय याचा अर्थ तुझ्या हातून फर्मा उलटसुलट लागला. शाळेला परत देण्याआधी बघ.

हसून झालं आणि मग मला बरं वाटेना. फर्मा चुकणारा माणूस तू नाहीस. आणि अंगणातली तुती, जी तुझ्या कामाच्या टेबलावरून मान वळवली की दिसते, तीसुद्धा तू पुस्तकात बघून लिहिलीस. खरं सांग. वहिनीला जाऊन दीड वर्ष झालं. फाटकाबाहेर शेवटचा कधी गेलास?

शिट्टी


१७ मार्च

मामा, नमस्कार.

आईला न सांगता लिहितोय. तिने तुम्हाला काय लिहिलं माहीत नाही, पण ती चालत नाही. घरभर तर सोडाच, पलंगापासून बाथरूमपर्यंत आम्ही दोघं धरून नेतो. डॉक्टर म्हणतात हाड उत्तम जुळलंय, अडचण भीतीची आहे. वॉकर पुढे केला की म्हणते, उद्या.

तिची स्वतःची, तळमजल्यावरची भाड्याची खोली अजून कुलूप लावून ठेवली आहे. एप्रिल संपेपर्यंत ती एकटी चालू लागली नाही तर खोली सोडून तिला कायमचं आमच्याकडे ठेवायचं ठरलंय. आम्हाला ती जड नाही, पण त्या खोलीशिवाय आई म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. परवा तुमचं पत्र वाचून दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. म्हणून म्हटलं, पत्रं थांबवू नका.

तुमचा भाचा


२० मार्च

शिट्टी,

पुस्तक उघडून पाहिलं. अठ्ठेचाळिसाव्या पानानंतर थेट एकशे एकोणतीस. चौथ्या फर्म्याच्या जागी नववा बसला आहे आणि नवव्याच्या जागी चौथा. सेहेचाळीस वर्षांत पहिली चूक. काल सगळी शिवण उसवली.

तू विचारलंस म्हणून सांगतो. शिवायच्या आधी पानांचे आकडे तुझी वहिनी बघायची. मी फर्मे लावून टेबलाच्या त्या बाजूला सरकवायचो आणि ती बोट फिरवत मनातल्या मनात मोजायची. आता मी सरकवतो आणि ते तिथेच राहतात. थोड्या वेळाने मीच ओढून घेतो आणि शिवतो.

फाटकाबाहेर गेलेलो नाही. वाणसामान घरी येतं. ही पत्रंही कागदवाला येतो त्याच्याच हाती टाकायला देतो. पकडलंस.

आता मी तुला पकडतो. तू घरभर फिरत नाहीस. पोराला बोलू नकोस, मीच त्याला खोदून खोदून विचारलं. एप्रिलअखेरचंही मला कळलंय. तुझी खोली गेली तर तू भिंतीकडेच बघत बसशील, आणि कबुतराला काय वाटेल याचा विचार कर.

म्हणून एक करार. मी उंबऱ्याबाहेर जितकी पावलं टाकीन तितकी तू तिथे टाकायचीस. कोणी धरायचं नाही, वॉकर चालेल. टाकलीस तर पुढचं पत्र. नाही टाकलीस तर मी पुन्हा पुस्तकातून लिहीन.

सुरुवात केली आहे. आज सकाळी तुतीपर्यंत गेलो. अकरा पावलं. पालवी आहे, पुस्तकात होती तशीच, पण एक गोष्ट पुस्तकात नव्हती. प्रत्येक नव्या पानाच्या बगलेत हिरवी, लव असलेली शेंडी लोंबते. ते तिचं फूल आहे म्हणे. पन्नासहून जास्त वर्षं ते झाड दारात आहे आणि त्याला फूल येतं हे मला आज कळलं. काठीबद्दल मी जे बोललो होतो ते मागे घेतो.

दादा


२६ मार्च

दादा,

चिरंजीवांना पुरेसं बोलून झालं आहे. तू मधे पडू नकोस.

करार मान्य. पण कवायतीच्या बाईशी करार करतोयस तेव्हा नियम मी घालणार. डावं एक, उजवं दोन, असं मोजायचं. पाय ओढला तर ते पाऊल बाद. तू बाहेरची मोजायचीस, परतीची मोजायची नाहीत.

सोमवारी उभी राहिले आणि परत बसले. मंगळवारीही तेच. खोटं कशाला सांगू, मला जमिनीची भीती वाटते. ती पुन्हा वर येऊन मला लागेल असं वाटतं. बुधवारी तुझं पत्र उशीखालून काढलं आणि मनात म्हटलं, हा मनुष्य दीड वर्षांनी अकरा पावलं चालला आणि मला खिडकी गाठता येत नाही? मग निघाले. सून मागून हात पुढे करून येत होती, तिला बसवलं. नऊ पावलांवर खिडकी आली, म्हणून दोन पावलं जागच्या जागी टाकली. ती धरायची की नाही ते तू ठरव.

आणि ऐक. खिडकीशी जाऊन उभं राहिल्यावर दिसलं की पाइपाच्या कोपरात कबुतराचं घरटं आहे. चार काड्या आणि एक केबलचा तुकडा. पलंगावरून ते दिसतच नव्हतं. बिचारं माझ्याकडे रागाने बघत नव्हतं, अंड्यांवर बसायला जात होतं.

पुढचं लिही. फाटकाला हात लाव.

शिट्टी


४ एप्रिल

शिट्टी,

जागच्या जागची दोन पावलं धरली.

इथे गोंधळ झाला आहे. पुस्तकं दाबायचा मोठा शिकंजा खिडकीजवळ आहे, त्याच्या डोक्यावरच्या पोकळीत चिमणीने घर मांडलं. आठवडाभर शिकंज्याचं काम नव्हतं म्हणून मी तिकडे बघितलं नाही, तेवढ्यात तिने डाव साधला. साहित्य सगळं माझंच. कागदाची कात्रणं, सुताचे तुकडे, आणि एका जाड ग्रंथासाठी आणलेली लाल रेशमी खूणफीत, तीसुद्धा नेली. चार अंडी आहेत. शिकंजा फिरवला तर घर हलतं, म्हणून तो बंद. शाळेचं पुस्तक नीट क्रमाने शिवून विटांखाली दाबलं आहे. ग्रंथपालबाई चौकशीला आल्या. त्यांना म्हटलं, शिकंज्याला बाळंतपणाची रजा दिली आहे. त्या स्टुलावर चढून बघून आल्या आणि म्हणाल्या, सावकाश द्या.

चिमण्यांसाठी खिडकी उघडी ठेवावी लागते. त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येतं. एक बुलबुल पहाटे पाचला सुरू करतो. त्याला सांगणारं कोणी नाही.

आता पावलं. फाटक एकोणीस. कोपऱ्यावरची टपालपेटी चौसष्ट. आधीचं पत्र कागदवाल्याकडे दिलं होतं, हे मी स्वतः टाकणार आहे. पेटीशेजारी दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, त्यांच्या दारात संत्र्याचं झाड आहे आणि ते पांढरं झालंय. वास इतका की ज्यांचा दात नुकताच काढलाय तेसुद्धा गालावर हात ठेवून तिथे थांबतात. काल मी थांबलो तर आतून विचारलं, अपॉइंटमेंट आहे का? म्हटलं, झाडाची आहे.

चौसष्ट.

दादा


११ एप्रिल

दादा,

चौसष्ट झाली. घर पुरेना, म्हणून दार उघडून बाहेरच्या लांब बोळात गेले. त्या टोकाला एक आजोबा राहतात, त्यांनी दारात कुंडीत पुदिना लावलाय आणि पुदिन्याला फूल यायच्या बेतात आहे. मी तिथपर्यंत जाते, एक पान चुरगाळते, हुंगते आणि परत. आता आजोबा रोज घड्याळ लावून दार उघडतात. सुनेला यात काहीतरी विनोदी वाटतं.

कबुतराची पिल्लं बाहेर आली. इतकी कुरूप पिल्लं मी जन्मात पाहिली नाहीत. मला ती फार आवडतात.

पण एक सांगते आणि त्यावर वाद घालू नकोस. चौसष्ट पुरे. बोळाच्या टोकाला जिना आहे. चोपन्न पायऱ्या, मधे दोन वळणं. काल पहिल्या पायरीच्या काठावर उभी राहिले. कठडा धरला, पाय उचलला, आणि घाम फुटला. खाली बघितलं की स्टूल आठवतं. मुलाला सांगितलं, खोलीचं काय करायचं ते करून टाक, माझी तक्रार नाही.

तूही आता पुढे जाऊ नकोस. संत्र्यापर्यंत गेलास, खूप झालं. आपण दोघं तिथेच थांबू.

शिट्टी


१६ एप्रिल

शिट्टी,

काल सकाळी तुझं पत्र आलं. दुपारपर्यंत मला ते पटलं होतं.

टपालपेटीच्या पुढे मी का जात नाही ते तुला कधी सांगितलं नाही. पुढे तळं आहे, जुन्या पाण्याच्या टाकीमागे. तुझी वहिनी रोज संध्याकाळी तिथे जायची. रोज दारात उभी राहून म्हणायची, चलता का? मी म्हणायचो, एवढं पुस्तक शिवून होऊ दे. तीस वर्षं ते पुस्तक काही शिवून झालं नाही. ती असताना एकदाही गेलो नाही, मग ती नसताना कुठल्या तोंडाने जाणार? म्हणून घरात बसलो. गुडघे दुखतात वगैरे लोकांना सांगायचो ते सगळं खोटं होतं.

दुपारी तुझं पत्र पुन्हा वाचलं. 'आपण दोघं तिथेच थांबू.' तुझ्या अक्षरात ते वाचवेना. बुटांच्या नाड्या बांधल्या आणि निघालो.

दोनशे बारा पावलं. एवढंच. तीस वर्षं मी दोनशे बारा पावलांना नाही म्हणत होतो.

काठावर एक बाक आहे. बाकाची सुटलेली फळी दोऱ्याने बांधलेली होती. मेण लावलेला दोरा, आपल्याच दुकानातला, आणि गाठही आपलीच, शिवण संपवताना मारतो ती. दुसऱ्या कोणाला येत नाही ती गाठ. म्हणजे ती दोरा घेऊन गेली, बाक दुरुस्त केला, घरी आली आणि मला सांगितलंही नाही. मी बसलो आणि रडलो. नंतर बरं वाटलं.

मग समोर एक पाखरू आलं. मुठीएवढं, पाठ निळी, इतकी निळी की शाई सांडल्यासारखी, पोट तांबूस, आणि चोच कुठल्या तरी मोठ्या पक्ष्याकडून मागून आणलेली. वाकलेल्या वेताच्या टोकावर बसलं, सरळ पाण्यात पडलं, मासा घेऊन वर आलं आणि तो आपटत बसलं. पुस्तकात शोधलं. आता मी पुस्तकं वाचतो. खंड्या. काठाच्या मातीत त्याचं बीळ आहे आणि आत नक्की कोणीतरी भुकेलं आहे, कारण तासाभरात तो सात मासे घेऊन गेला. परतलो तेव्हा दिवे लागले होते.

पायऱ्यांचं मला काही शिकवता येणार नाही, ते खातं तुझं. पण माझी दोनशे बारा झाली आहेत. तुझ्यावर एकशे अठ्ठेचाळीस बाकी. बोळात फेऱ्या मारून ती फेडलेली मला चालणार नाहीत.

दादा


२५ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. वहिनीसाठी आणि तुझ्यासाठी रडूनही झालं. तिसऱ्या दिवशी गळ्यात शाळेतली जुनी शिट्टी अडकवली, बोळाच्या टोकाला गेले आणि स्वतःलाच हुकूम सोडला. वॉकर वरच ठेवला. कठडा दोन्ही हातांनी धरून, लहान मूल उतरतं तशी, एका पायरीवर दोन्ही पाय. मुलगा माझ्या पुढे उलटा उतरत होता. त्याला म्हटलं, तू पडलास तर मी धरणार नाही. पहिल्या दिवशी आठ पायऱ्या. दुसऱ्या दिवशी पहिलं वळण. आज चोपन्न. पुदिन्याचे आजोबा वरून मोजत होते आणि त्यांचा आकडा छप्पन्न आला, पण त्यांचं वय बघता सोडून दिलं.

खाली आले, मुलाकडून काठी घेतली आणि ती टेकत इमारतीला वळसा घालून मागे गेले. माझ्या भिंतीच्या बरोबर खाली, पाइपाच्या मुळाशी, कोणीतरी फुटक्या पिंपात डाळिंब लावलंय आणि ते लालभडक फुललंय. फुलाफुलावर मधमाश्या. तीन महिने मी त्याच्या डोक्यावर पडून भिंतीला नावं ठेवत होते.

तिथेच पिंपाच्या कडेला बसून मुलाला सांगितलं, खोली सोडायची नाही. तो म्हणाला, मी घरमालकाला अजून सांगितलंच नव्हतं. आणि तोंड फिरवून डाळिंबाकडे बघत राहिला.

तुझी पिल्लं उडाली का ते लिही. मी सध्या कामात आहे, पायऱ्या रोज करते. का, ते विचारू नकोस.

शिट्टी


३ मे. तुझ्या दारात, सकाळी साडेदहा.

दादा,

तुला आश्चर्याचा धक्का द्यायला आले आणि धक्का मलाच बसला. दाराला कुलूप आहे. मुलाने संत्र्यापाशी सोडलं, तिथून चौसष्ट पावलं काठीने एकटी आले, मनात सगळी भाषणं तयार करून, आणि तू घरी नाहीस. माझ्या आठवणीत तू पहिल्यांदा घरी नाहीस. या आनंदात पाच मिनिटं पायरीवर बसले.

दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी. असा घरबंदोबस्त मी पाहिला नाही. खिडकीतूनच हात घालून हे कात्रण आणि पेन्सिल घेतली. शिकंज्याच्या डोक्यावरचं घरटं रिकामं आहे, फक्त लाल फीत लोंबतेय. चारही जण माझ्या तुतीवर बसून आईला छळताहेत. तुती पिकलीय. खालच्या फांदीची मी संपवली, म्हणून या कागदावर जांभळी बोटं उमटली आहेत, माफ कर.

टेबलावर शाळेचं पुस्तक दिसलं. तेही हात लांबवून ओढलं आणि पानांचे आकडे तपासले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बरोबर आहेत. दे आता त्यांना.

इथे थांबत नाही. हे दाराला अडकवून तळ्याकडे निघते. दोनशे बारातली माझी राहिलेली आहेत ती तिथेच फिटतील. आपली वाटेत चुकामूक झाली आणि तू आधी घरी पोचलास, तर उलटपावली ये. मी बाकावर असेन, दोऱ्याने बांधलेल्या फळीच्या बाजूला. शिट्टी वाजवून बोलावणार नाही, खंड्या उडून जाईल.